वीस-शून्य-वीसचा ट्रान्सफॉर्मर

निवृत्त झाले त्या वर्षी मी फार हुशार होते. आता तेवढी राहिलेली नाही, त्यामुळे बरं चाललंय.

जुन्नरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. पोरांना मीटर काढून द्यायचे, तुटलेल्या वायरी जोडायच्या, प्रॅक्टिकलच्या आधी प्रत्येक टेबलावरचा पॉवर सप्लाय तपासायचा. सर फळ्यावर जे शिकवत ते टेबलावर चालतंय का, हे बघणं माझं काम. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला इंजिनिअर समजायला लागले होते. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून मळ्यातल्या प्रत्येक बंद पडलेल्या इस्त्रीवर, रेडिओवर, टॉर्चवर डोळा ठेवून मी फिरू लागले. मला येताना बघून बायका वस्तू लपवायच्या म्हणतात. ते खरं नाही, पण अगदीच खोटंही नाही.

माझं माहेर निरगुडसरचं, सासर डिंगोऱ्याजवळच्या मळ्यात. गावठाणातली लाईट वेगळी आणि मळ्यातली वेगळी. आमच्याकडे घरं, देवीचं देऊळ आणि विहिरींवरच्या मोटारी, सगळं एकाच डीपीवर, म्हणजे खांबावरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर. मोटारी बंद असल्या की मल्टीमीटर दोनशे चाळीस दाखवतो. मोटारींना लागणारी थ्री फेज ठरावीक तासच असते; ती आली आणि सगळ्यांनी मोटारी चालू केल्या की तोच मीटर एकशे सत्तरवर येतो. बल्ब पिवळे पडतात, पंख्याची पाती मोजता येतात, टीव्हीतल्या सासू-सुना अर्ध्या वाक्यात गायब होतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सवयीचं आहे.

थ्री फेजची पाळी बदलते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्री उसात बिबट्या बसलेला. म्हणून मीच हट्ट धरून आमच्या ह्यांच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवायला लावला. थ्री फेज आली की त्या यंत्राचा फोन येतो, आतून एक बाई हिंदीत सांगते की बिजली आली आहे, मग आपण एकचं बटण दाबायचं, तिकडे विहिरीवर मोटार सुरू. त्या बाईचं आमचे हे जेवढं मन लावून ऐकतात, तेवढं माझं त्यांनी लग्न झाल्यापासून ऐकलेलं नाही. आमचं बघून मळ्यात सगळ्यांनीच ते यंत्र बसवून घेतलं.

हे सगळं मला माहीत होतं. पुढे जे झालं ते माहीत नसल्यामुळे झालं, असं कुणी म्हणू नये.

आमचं बायकांचं भजनी मंडळ होतं, पण साउंड पुरुषांच्या मंडळाचा. चैत्रात देवीचा उत्सव असतो. आम्ही गायला बसलो की पुरुष मंडळाचा सेक्रेटरी मिक्सरजवळ उभा राहून घड्याळ बघायचा. तिसऱ्या अभंगाला तो आमचा आवाज बारीक करायचा, चौथ्याला माइकची वायर गुंडाळायला लागायचा. मुख्य गाणारी आमची थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणते. अक्काचा आवाज असा की डोंगराला थडकून परत येईल, आणि त्या आवाजाला वायर गुंडाळून गप्प करायचे. एका वर्षी बायकांनी आपापसात ठरवलं आणि आळेफाट्याच्या एका साउंडवाल्याकडून जुना मिक्सर, दोन माइक आणि एक कीबोर्ड आणला. मळ्याच्या बैठकीत सेक्रेटरी म्हणाला, "आणला तर आणला. या उत्सवाला वाजवून दाखवा. वाजला तर तुमचा तुमच्याकडं. न्हाई तर सामान मंडळाच्या खोलीत जमा करायचं, उगा कुणाच्या घरी धूळ खात नको."

मंडळाची खोली म्हणजे त्यांची. किल्ली त्याच्या कमरेला. म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर येऊन थांबलं.

मिक्सरचा आतला पॉवर सप्लाय आधीच जळलेला होता. साउंडवाल्याने त्याला कसला तरी बाजारी अडॅप्टर लावून दिला होता, आणि माइक उघडला की स्पीकरमधून रातकिड्यासारखं किर्र ऐकू यायचं. अक्का म्हणाली, "हे काय गं? माझ्या आधी किडाच गातोय."

मी म्हणाले, "अक्का, तो स्विचिंगचा आवाज. याला लिनिअर सप्लाय पाहिजे. मी करते."

काय तो थाट. कुणी मला विचारलंही नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोक्याला पदर, आणि चेहऱ्यावर भाव असा की उद्या रॉकेटच सोडणार आहे.

एका पेटीतून चार वाटा काढायच्या होत्या. मिक्सरला अधिक पंधरा आणि उणे पंधरा व्होल्ट, कीबोर्डला बारा. चौथी वाट आमच्या ह्यांनी काढायला लावली. मी कागदावर आकृती काढत होते तेव्हा हे चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"एक पाच व्होल्टची पिन काढ ना त्यात. मोबाईलसाठी."

"भजनाच्या पेटीत मोबाईल कशाला?"

"कार्यक्रम लांबला तर चार्जिंग संपतं. एवढं करतीयस तर एक पिन जड झाली का तुला?"

मला बरं वाटलं. नवऱ्याने माझ्या कामातलं काहीतरी मागितलं, याचंच कौतुक. मी लगेच पाच व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट बांधून ठेवणारा तीन पायांचा बारका भाग, आकृतीत घातला. त्याला सगळ्यात निवांत जागा दिली आणि गरजेपेक्षा बराच जास्त दाब दिला. आपलं माणूस, म्हणून.

पहिल्याच दिवशी मी उणे पंधराचा रेग्युलेटर जाळला. उणेवाल्याचे पाय अधिकवाल्यापेक्षा वेगळ्या क्रमाने असतात. कॉलेजच्या पोरांना हे मी वर्षानुवर्षं बजावत आले होते, "डोळे उघडे ठेवून जोडा रे." घरी मी डोळे उघडे ठेवूनच उलटा जोडला. ठप्प आवाज झाला, धूर आला. अक्काने शेजारच्या तिच्या घरातून विचारलं, "काय करपलं?" मी म्हणाले, "भाकरी." त्या दिवशी आमच्याकडे भाकरी नव्हतीच.

आता मुख्य गोष्ट. लिनिअर रेग्युलेटरचं काम समजायला टाकी आणि नळ पुरे. नळाला पाणी यायचं तर टाकी नळाच्या वर असावी लागते. बाहेर पंधरा व्होल्ट सारखे द्यायचे तर आत सतरा-अठरा तरी कायम हवेत. वरचं जे उरतं ते रेग्युलेटर उष्णता करून फेकून देतो. आत जास्त घेतलं तर पेटी तापते. कमी घेतलं तर बाहेरची लाईट पडताच टाकी नळाच्या खाली जाते, आणि मग स्पीकरमधून मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा घूं आवाज येतो.

मी एकशे सत्तरचा हिशोब धरला. त्याला वीस-शून्य-वीसचा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस व्होल्ट देणारा, ट्रान्सफॉर्मर लागत होता. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर भरून देणारे, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देणारे, चाचा आहेत, त्यांच्याकडून तो भरून घेतला. घरी आणून पेटी जोडली. मळ्यात मोटारी चालू असताना लावली, आवाज स्वच्छ. मोटारी बंद असताना तासभर चालवली, तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या वरच्या हीटसिंकला हात लाववेना. पत्र्याचं झाकण तापून पापड भाजण्याजोगं झालं.

हीटसिंक मोठा घ्यायचा म्हणजे पेटी दुप्पट. पंखा लावायचा म्हणजे त्याचा आवाज माइकमध्ये. मी विचारात पडले. आमच्या ह्यांनी पेटी उचलून बघितली.

"केवढी जड गं ही. आणि तापती किती. ही नेणार कशी देवळात? बाया हसतील."

"मोटारी चालू झाल्या तरी टिकावी म्हणून तशी केली."

"मग मोटारी चालूच झाल्या न्हाई तर?"

"तर पंधरा-शून्य-पंधरामध्ये भागेल. पेटी हलकी होईल, थंड राहील."

"मग कर तशी. मोटारींचं माझ्याकडं लागलं."

आणि खरोखर बैठकीत उभं राहून यांनी मळ्याला सांगितलं. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. "आमच्या मंडळींनी हाताने पेटी बनवलीय. उत्सवाच्या संध्याकाळी आरती होईस्तवर मळ्यात एकबी मोटार चालू व्हणार न्हाई. थ्री फेज आली तरी न्हाई. पयला मी भंडारा उचलतो." त्यांनी देवीच्या परडीतला भंडारा उचलून कपाळाला लावला. मग एकेकाने लावला. आमच्याकडे भंडारा उचलला की बांधावरून, भावकीतून, लग्नाच्या बोलणीतून माणसं माघारी फिरत नाहीत. अक्काच्या मालकांनीही उचलला. सेक्रेटरीनेसुद्धा.

माझे डोळे भरून आले. किती वेडी बाई होते मी. माझ्या लग्नात मी रडले नव्हते, आणि मोटारी बंद राहणार म्हणून रडले.

चाचांकडे ट्रान्सफॉर्मर परत नेला. म्हटलं, "पंधरा-शून्य-पंधरा करा."

चाचा म्हणाले, "मॅडम, मागच्या आठवड्यात वीस बोलल्या तुम्ही. तार काय शेवया हाय का, कधी काढायची, कधी घालायची?"

"घरी मोटारींचं ठरलंय चाचा. लोकांनी शब्द दिलाय."

"असं," म्हणाले आणि तार उलगडायला बसले.

म्हणजे मी काय केलं, ते आता साध्या भाषेत सांगते. जिथे जास्तीचे व्होल्ट असायला हवे होते, तिथे मी नवऱ्याचा शब्द बसवला. आणि सगळं काम त्याच्यावर जोडून झाकणाचे स्क्रू आवळले. कॉलेजात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर उभं केलं असतं.

उत्सवाची संध्याकाळ. त्याआधी दोन दिवस लाइनचं काम चाललं होतं म्हणून थ्री फेज आलीच नव्हती. टोमॅटोने माना टाकल्या होत्या. देवळापुढे मांडव, पुढे पुरुष, बाजूला बायका, पोरं सगळीकडे. पेटी मंचाच्या कोपऱ्यात, तिच्याजवळ मी. हात लावला तर कोमट. मी खुश. पाच व्होल्टच्या पिनेवर आमच्या ह्यांचा मोबाईल लावलेला. अक्का गायला बसायच्या आधी ते मंचाजवळ आले, मोबाईल काढून बघितला, "फुल झाला," म्हणाले, आणि पुढच्या रांगेत मध्यभागी जाऊन बसले. मला वाटलं, फोटो काढणार.

अक्काने पहिला अभंग धरला. आवाज असा बाहेर आला की मागे चुलीपाशी बसलेल्या बायका उठून आल्या. रातकिडा नाही, खरखर नाही. कीबोर्ड वाजवणारी एक सून, तिने त्यावर हार्मोनियमचा आवाज लावला होता. सेक्रेटरी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. दुसऱ्या अभंगाला त्याने घडी सोडली. तिसऱ्याला तो मान हलवायला लागला. मी मनात म्हटलं, बघ बाबा, आता कुणाची वायर गुंडाळतोस.

चौथा अभंग चालू असताना मांडवातले बल्ब एकदम पांढरे झाले. थ्री फेज आली होती; ती आली की मोटारी लागेपर्यंत असंच होतं.

मी पुरुषांच्या रांगेकडे बघितलं. आमच्या ह्यांच्या खिशात उजेड पडला. त्यांनी मोबाईल काढला, कानाला लावला. मी इथून त्या बाईला ऐकू शकत नव्हते, पण ती काय म्हणतेय ते मला पाठ होतं. त्यांनी मोबाईल कानापासून खाली घेतला, अंगठ्याने एकदा दाबलं, आणि खिशात ठेवला. मग मंचाकडे बघून टाळी वाजवायला लागले. तालात. त्यांना कधी ताल नव्हता, त्या दिवशी मात्र बरोबर तालात.

बल्ब जरासेच मंद झाले. पेटीने ते सोसलं. एवढ्याने काही झालं नसतं. पण त्यांच्या शेजारच्याने खिशात हात घातला. मग मागच्याने. मग अक्काच्या मालकांनी. एकेकाच्या तोंडावर खालून उजेड पडायचा, अंगठा हलायचा, उजेड जायचा. भंडाऱ्याचे पिवळे पट्टे अजून कपाळावर होते, तेवढे मला प्रत्येक वेळी त्या उजेडात दिसले.

बल्ब पिवळे झाले. पेटीतून नाही, स्पीकरमधून घूं सुरू झाला. आधी बारीक, मग अक्काच्या आवाजापेक्षा मोठा. कीबोर्डला बारा व्होल्ट पुरेनात, तो बंद पडून आपोआप पुन्हा चालू झाला, आणि चालू होताना सगळी सेटिंग विसरला. हार्मोनियमच्या जागी पियानो वाजायला लागला. सुनेला काही कळेना, तिने बिचारीने तसाच अभंग वाजवला, वाढदिवसाच्या पार्टीसारखा. पोरं हसली. मग मोठी हसली. अक्काने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरची सगळी बटणं फिरवत होते. एकाही बटणाचा उपयोग नव्हता, हे मला चांगलं माहीत होतं. तरी फिरवत होते.

चार वाटांपैकी तीन कोसळल्या. पाच व्होल्टची मात्र शेवटपर्यंत ताठ होती. तिचा हिरवा दिवा जरासुद्धा मिणमिणला नाही.

सेक्रेटरी त्यांचा सेट आणि जनरेटर घेऊन आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, उलट काळजी होती, ते जास्त लागलं. "राहू द्या काकू, झालं ते झालं. आम्ही वाजवतो." अक्का पुढचे अभंग त्यांच्या माइकवर गायली, त्यांच्या वेळेत. दुसऱ्या दिवशी आमचं सगळं सामान खोलीत गेलं. पेटीही. किल्ली त्याच्या कमरेला.

सकाळी हे अंघोळ करून भाकरी खायला बसले. मी वाढलं. भांडायचं नाही असं ठरवलं होतं. ते ठरवणं आमटी वाढेपर्यंत टिकलं.

"बटण दाबलं तुम्ही."

"कुठलं?"

"एकचं. मी बघितलं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दोन दिवस पाणी न्हाई टोमॅटोला. जळाला असता प्लॉट. तुला दिसत न्हाई का?"

"दिसतं. भंडारा उचलताना तुम्हाला दिसत नव्हता का?"

"अगं, एकट्या माझ्या मोटारीनं काय व्हतंय? तुझी पेटी एका मोटारीनं पडली का?"

"नाही."

"मग. बाकीच्यांनी चालू करायला नको व्हती."

त्यांनी हे अगदी सरळ मनाने म्हटलं. त्यांना खरोखर वाटत होतं, की दगा बाकीच्यांनी दिला. दुपारी धुण्यावर अक्का भेटली. तिच्या मालकांनी तिला शब्दन्‌शब्द हेच सांगितलं होतं. आम्ही दोघींनी दगडावर कपडे आपटत एकमेकींच्या नवऱ्याची नक्कल केली. हसलोही. पण हसून झाल्यावर अक्का साबण खाली ठेवून म्हणाली, "तू आधी मोठी पेटी केली व्हतीस ना. ती का मोडलीस?"

"ह्यांनी शब्द दिला म्हणून."

"एवढी शिकलेली तू," एवढंच म्हणाली, आणि चादर पिळायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

मला राग मोटारीचा आला नाही. टोमॅटो खरंच सुकत होता, आणि त्याच टोमॅटोवर आमचं घर चालतं. त्यांनी मंचाकडे येऊन कानात सांगितलं असतं, की बाई, मी दाबतोय, तर मी मिक्सर बंद केला असता आणि अक्काला म्हटलं असतं की तशीच गा. ते मला न सांगता टाळी वाजवत राहिले, ते माझ्या मनातून अजून जात नाही. आणि मोबाईल माझ्याच पेटीवर भरून घेतलेला. हे सांगताना नातवंडं हसतात. त्यांना वाटतं आजी विनोद करतेय. करतेच.

पेटी तेवढी दुरुस्तीला म्हणून मी खोलीतून मागून आणली. ट्रान्सफॉर्मर तिसऱ्यांदा भरायला नेला तेव्हा चाचांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, "वीस-शून्य-वीस." त्यांनी तार हातात घेतली. म्हणाले, "लोकांचा शब्द?"

"आहे तिथंच आहे. खोलीत, कुलपात."

हीटसिंक एवढा मोठा लावला की पेटी आता दोन बायका उचलून नेतात. झाकण काढून टाकलं, वर जाळी बसवली. देवळात तिच्याजवळ बसलं की थंडीत बरं वाटतं. खोलीतलं बाकीचं सामान परत मिळवायला पुढचा उत्सव यावा लागला, आणि अक्काने सेक्रेटरीच्या आईकडे जाऊन काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. पाच व्होल्टची वाट मी काढून टाकली. त्या भोकाला गोल पत्र्याची चकती लावली. यांनी पेटी बघून विचारलं, "माझी पिन कुठं गेली?"

"जनरेटरवाल्यांकडे मागा," म्हटलं.

त्या उत्सवालाही हे पुढच्या रांगेत मध्यभागी बसले. यावेळी मळ्यात कुणी बैठक घेतली नाही, कुणी भंडारा उचलला नाही, मी मागितलाही नाही. अक्काचा दुसराच अभंग चालू होता. बल्ब पांढरे झाले. यांच्या खिशात उजेड पडला. त्यांनी मोबाईल कानाला लावला, ऐकलं, आणि यावेळी दाबायच्या आधी मान वर करून माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. सगळ्या रांगेने आपापले मोबाईल हातात धरून माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली. दाबा.

त्यांनी दाबलं. सगळ्यांनी दाबलं. बल्ब पिवळे पडले, मांडवातले पंखे मंदावले, आणि अक्काचा आवाज जसाच्या तसा चालत राहिला. सेक्रेटरीने खांबाची टेक सोडली आणि बसून घेतलं. आमचे हे माझ्याकडे बघून हसले, सुटल्यासारखे. घरी जाताना त्यांनी पेटीचं एक टोक धरलं. म्हणाले, "म्हणजे राग गेला म्हणायचा तुझा."

मी दुसरं टोक उचललं. त्यांना वाटलं मी माफ केलं. मी फक्त ट्रान्सफॉर्मर बदलला होता.